उजव्याच डोळ्याला का

गणेशगुळे, पावस
२० नोव्हेंबर २०२२

अक्षया,

आशीर्वाद. पत्राच्या वर तो लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिला. त्यावरून माझा राग उतरला असं समजू नको.

फोन तू उचलत नाहीस. तुळसाचा उचलतेस, सख्ख्या बापाचा नाही. म्हणून या वयात मला पावसच्या पोस्टात जाऊन पाकीट आणावं लागलं. काल तुळसाने आमटी वाढता वाढता सांगितलं की आरोहीला यापुढे आजोळी, गणेशगुळ्याला पाठवायची नाही, असं तू ठरवलं आहेस. हे मला माझ्या बहिणीच्या तोंडून कळावं, म्हणजे बापाची काय किंमत ठेवलीत ते दिसलं.

झालं काय, ते मी एकदा लिहूनच ठेवतो, कारण तुमच्या पनवेलच्या घरात ते रोज नव्याने घडतंय.

पंचवीस ऑक्टोबर, मंगळवार. लक्ष्मीपूजनाचा दुसरा दिवस. पाच वाजायच्या सुमारास ग्रहण लागणार आणि ग्रहणातच सूर्य समुद्रात जाणार. आरोही दिवाळीच्या सुट्टीत आठवडाभर माझ्याकडे होती आणि तू आणि संदेशराव भाऊबीजेला येणार होतात. तू आधीच कुरियरने दहा गॉगल पाठवलेस. पुठ्ठ्याचे. वाडीतल्या सगळ्या पोरांना वाटा म्हणालीस, मी वाटले. पाकिटावर तुझ्या अक्षरात चार सूचना होत्या. मुलाने खाली बघून गॉगल लावायचा, मग वर बघायचं, पुन्हा खाली बघूनच काढायचा. चरा पडलेला गॉगल फेकून द्यायचा. मोठं माणूस पूर्ण वेळ मुलांजवळ उभं राहील. मला सूचना. मी अठ्ठावीस वर्षं दर्यावर काढली. सूर्य म्हणजे काय हे मला पुठ्ठ्याच्या चष्म्यावरून शिकवायला निघालीस. इथली पोरं मावळतीच्या सूर्याकडे रोज बघतात, त्यांच्या बापांनी बघितलं, आज्यांनी बघितलं. कोणाचा डोळा गेला?

तरी मी सूचना पाळल्या. शेजारचा सर्वेश, सानवी, ओमकार आणि बाकीची पोरं खाली समुद्राकाठच्या पुळणीवर गॉगल लावून उभी होती. त्यांच्यापैकी एकाला काही झालेलं नाही. विचार कोणालाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तुम्ही पोचलात. आरोहीला भाऊ नाही म्हणून ती दरवर्षी सर्वेशला ओवाळते, तशी ओवाळायला बसली. निरांजन फिरवता फिरवता म्हणाली, सर्वेशच्या नाकावर काळा डाग आहे. आपण सगळे हसलो. मग तिने एक डोळा झाकला, मग दुसरा झाकला आणि ताट खाली ठेवलं. संदेशरावांनी विचारलं, काल गॉगल लावला होता ना? मी म्हणालो, काढला असेल मध्येच, दहा वेळा सांगितलं होतं, पोरं ऐकतात का? आणि पोरीने स्वतःच्या तोंडाने सांगितलं, "हो, मी काढला."

आता मला सांग, तिने कबूल केल्यावर माझ्यावर डूख धरण्यासारखं काय राहिलं? आठ वर्षांची पोर, तिचं वय हूड असण्याचंच आहे. पण तुम्हाला कोणीतरी धरायला हवा होता. बाप सापडला.

आणि डोळ्याचंच म्हणशील तर त्या पोरीच्या हातात तुम्ही तिसऱ्या वर्षापासून मोबाईल दिला आहे. जेवायला मोबाईल, झोपायला मोबाईल. तो डाग त्या दिवशीचाच कशावरून?

संदेशरावांना एक गोष्ट सांग. माझ्या घरात आल्यावर माझ्या वस्तूंना हात लावायचा असेल तर आधी विचारायचं. ओटीवरची सेक्स्टंटची पेटी त्यांनी न विचारता उघडली आणि "हे इथे बाहेर कसं?" म्हणून मलाच विचारलं. जहाजावर सूर्याची उंची मोजतात ते यंत्र आहे ते. जहाज भंगारात निघालं तेव्हा आमच्या कॅप्टनसाहेबांनी मला स्वतःच्या हाताने दिलं. मी ते पुसायला बाहेर काढलं होतं. उगाच काही जोडू नका.

आत्माराम


११ डिसेंबर २०२२

अक्षया,

तुझं पत्र मिळालं. पत्र कसलं, नोटीस. बाबा नाही, नमस्कार नाही. पनवेलच्या डॉक्टरांनी सांगितलं की उजव्या डोळ्याच्या पडद्याला बरोबर मधोमध भाजल्यासारखा डाग आहे, औषध नाही, सहा महिने वाट बघायची, काही मुलांचं भरून येतं, काहींचं राहून जातं. आणि खाली एकच प्रश्न: "गॉगल काढून बघितलं असतं तर दोन्ही डोळ्यांना व्हायला हवं होतं, असं डॉक्टर म्हणतात. मग उजव्याच डोळ्याला का? तिने एका डोळ्याने कशातून बघितलं?"

डॉक्टरांना डोळे तपासायचे पैसे देता की उलटतपासणीचे? पोरं एक डोळा मिटून बघतात. तू स्वतः लहानपणी एक डोळा मिटून बोटाआड चंद्र लपवायचीस, ते विसरलीस. तिने गॉगल काढला, ऊन डोळ्यांवर आलं, एक डोळा मिटला, दुसरा उघडा राहिला. झालं. यात कशातून बघायचं काय आलं?

मी तिथे उभा होतो की नाही, हेही तू तुळसाकडून काढायचा प्रयत्न केलास. तिला फोनवर काय काय विचारलंस ते मला कळतं, अक्षया. घर लहान आहे. तुळसा त्या दिवशी देव पाण्यात ठेवून आत जप करत बसली होती, ग्रहण सुटेपर्यंत ती उंबऱ्याबाहेर आली नाही. तिने काही बघितलेलं नाही. उगाच म्हाताऱ्या बाईला साक्षीदार करू नको.

तू विचारलंस म्हणून सांगतो. पोरं पुळणीवर होती आणि मी घरापुढच्या दगडी गडग्यापाशी होतो. तिथून सगळी पुळण दिसते. आरोही खाली-वर करत होती. थोडा वेळ पोरांत, थोडा वेळ माझ्याजवळ. मी काही तिला दाव्याला बांधून ठेवली नव्हती.

माझं नाव या गावात कप्तान आहे. नाटेपासून जयगडपर्यंत कोणालाही विचार, कप्तानांचं घर कुठलं ते दाखवतील. माझ्याशी बोलताना लोक टोपी सरळ करतात आणि माझी पोरगी मला डॉक्टरचे प्रश्न पाठवते. चोराच्या उलट्या बोंबा अशी म्हण आहे आपल्याकडे. दहा वेळा सांगूनही पोर ऐकत नाही ती तुमच्या शिस्तीमुळे, आणि आरोपी मी.

यापुढे असली पत्रं पाठवणार असशील तर पाठवू नको.

आत्माराम


८ जानेवारी २०२३

अक्षया,

पाठवू नको म्हटलं तरी पाठवलंस. वाचलं.

संदेशरावांचं वागणं मला पटलेलं नाही आणि ते मी लिहून कळवतोय, तोंडावर सांगायलाही घाबरत नाही. बॅडमिंटनचं फूल आरोहीच्या रॅकेटला लागत नाही, तर प्रत्येक वेळी तिला "गॉगल काढताना अक्कल कुठे गेली होती" असं विचारायचं, ही कुठली पद्धत? तू लिहितेस की ती आता पाण्याचा पेला सांडला तरी सॉरी म्हणते, हाक मारली तरी सॉरी म्हणते. शाळेत बाईंनी तिला वर्गापुढे उभी केली आणि "मोठ्यांचं न ऐकल्याचा परिणाम" म्हणून दाखवली. तिला दाखवली. माझ्या नातीला. आणि तू, आई म्हणवतेस, हे मला कौतुकाने कळवतेस की काय?

बंद करा हे. ताबडतोब बंद करा. पोरीला कोणी बोलायचं नाही. तिने काढला असेल गॉगल नाहीतर नसेल काढला, डोळा तिचा गेलाय. त्याहून जास्त शिक्षा कोण देणार तिला? संदेशरावांना म्हणावं, जहाजावर चुकलेल्या माणसालाही एकदाच बोलतात, रोज नाही.

तू विचारशील, एवढा पुळका आला तर नोव्हेंबरात कुठे गेला होता. मला प्रश्न विचारू नको. तुझे प्रश्न मला नकोत.

आरोहीचं मला पत्र आलं, तुला ठाऊक नसावं. चित्राच्या वहीचा कागद, चार ओळी, पाकिटावरचा पत्ता तिच्याच अक्षरात, तिकीट वाकडं लावलेलं. काय लिहिलं आहे ते तुला सांगायची गरज नाही, ते माझं पत्र आहे. मी ते वाचलं आणि ठेवून दिलं. तिला रागवू नको. तिने तुझ्या नकळत पोस्टात टाकलं यावरून तर अजिबात नको.

तुळसाचंही डोकं फिरलं आहे. आठवडाभर माझ्याशी धड बोलत नाही. काल भात वाढताना म्हणाली, "दादा, त्या सांजेला पेटी उघडी व्हती. मी जप करीत व्हते, आंधळी झाले नव्हते." मी म्हणालो, पुसायला काढली होती. तर म्हणते, "व्हय, ग्रहणातच पुसायची व्हती ती." खाई त्याला खवखवे, असं काहीतरी पुटपुटत आत गेली. सगळे मिळून एका म्हाताऱ्याच्या मागे लागलात.

आणि ऐक, त्या पेटीत काही चूक नाही. सूर्याकडे बघण्यासाठीच ते यंत्र केलेलं आहे, त्याला काळ्या काचा असतात, त्या लावल्या की सूर्य लिंबाएवढा मऊ दिसतो. त्याने कोणाचा डोळा जाऊच शकत नाही. हे मी फक्त तुळसाच्या बोलण्यावरून सांगतोय.

आत्माराम


२७ जानेवारी २०२३

अक्षया,

हे पत्र बसून वाच. संदेशरावांना अजून दाखवू नको. आधी तू वाच, मग दाखव.

काल इथल्या शाळेत झेंडावंदन होतं. दरवर्षी मुख्याध्यापक मला बोलावतात, कप्तानांनी मुलांना समुद्राबद्दल सांगावं म्हणून. या वर्षी म्हणाले, ते सूर्य मोजायचं यंत्रही आणा. मी नेलं. का नेलं विचारशील, तर तुळसाला दाखवायला नेलं. तुम्हा सगळ्यांना दाखवायला की त्यात काही खोट नाही.

वरच्या वाडीतला शुभंकर सुट्टीवर आला आहे. चोवीस वर्षांचा आहे, तेलाच्या जहाजावर थर्ड ऑफिसर, कालचं पोरगं. तोही आला होता, मागे उभा. झेंडा झाला, लाडू वाटले आणि मुलांनी रांग लावली. सर्वेश पहिला. साडेआठचं ऊन होतं, सूर्य शाळेच्या समोर. मी काळी काच लावली, यंत्राची दुर्बिणीची नळी सूर्याकडे धरली आणि सर्वेशला म्हणालो, लाव डोळा.

शुभंकरने मागून येऊन माझा हात धरला. सगळ्या पोरांसमोर आणि मास्तरांसमोर. म्हणाला, "काका, थांबा. पुढची काच उघडी हाय."

मी त्याला काय बोललो ते लिहीत नाही. त्याच्या बापाला मी खांद्यावर खेळवलं होतं, एवढं पुरे. त्याने सर्वेशला बाजूला केलं, यंत्र खाली घेतलं आणि मला दाखवलं, हळू आवाजात, म्हणजे मुलांना ऐकू जाऊ नये म्हणून. त्या यंत्रावर काळ्या काचा दोन ठिकाणी असतात, अक्षया. एक जुडी वरच्या आरशापुढे, दुसरी नळीच्या समोर. सूर्य वर असतो तेव्हा तो आरशातून खाली उतरवतात आणि नळी क्षितिजाकडे धरतात, म्हणून वरची काच लावतात. पण नळी सरळ सूर्याकडेच रोखली, तर समोरची काचही लावायला हवी. ती नसली तर आरशातला सूर्य काळा होतो आणि समोरचा, खरा सूर्य दुर्बिणीतून उघडाच डोळ्यात जातो. शुभंकर म्हणाला, "बोटभर भिंगातून कागद पेटतो, काका. हा तर डोळा."

मी वरचीच काच लावली होती. अठ्ठावीस वर्षं मी साहेब लोकांना वरचीच लावताना बघितलं होतं.

बघितलं होतं, असं लिहिलंय. मी कॅप्टन नव्हतो हे तुला माहीत आहे, ऑफिसरही नव्हतो. मी सुखाणी होतो. चाकावर उभा राहून साहेब सांगतील त्या अंशाला जहाज वळवणारा. दुपारी बाराला साहेब बाहेरच्या गच्चीवर जाऊन सूर्य घ्यायचे आणि मी चाकावरून काचेतून बघायचो. यंत्र माझ्या हातात यायचं ते पुसायला. गावाने कप्तान म्हटलं, मी नाही म्हटलं नाही. तुझ्या लग्नाच्या पत्रिकेतही तेच छापू दिलं.

पंचवीस ऑक्टोबरला मी आरोहीला पुळणीवरून वर बोलावली. म्हणालो, ती पोरं पुठ्ठ्यातून बघतात, कप्तानाची नात खऱ्या यंत्रातून बघेल. सव्वापाच झाले होते. सूर्य समोर समुद्रावर, हातभर वर, अजून चांगला तळपत होता. तिचा गॉगल मी काढून घेतला आणि माझ्या सदऱ्याच्या खिशात ठेवला. काच लावली, नळी सरळ सूर्यावर धरली आणि तिचा उजवा डोळा लावला. मी आधी स्वतः बघितलं नाही. माझ्या डोळ्याला ऊन सोसत नाही म्हणून.

तुझी चौथी सूचना होती, दुर्बीण, कॅमेरा किंवा कसल्याही भिंगातून बघायचं नाही. मला ती पहिल्या दिवसापासून पाठ आहे.

भाऊबीजेला तिने डोळा झाकला तेव्हा मला भीती वाटली. मी तिला खोटं बोल म्हणून शिकवलं नाही, तेवढं खरं. मी फक्त आधी बोललो. काढला असेल, म्हणालो. ती माझ्याकडे बघत होती आणि मी निरांजनाकडे. मग ती हो म्हणाली. त्यानंतर कालपर्यंत मी स्वतःला सांगत होतो की काच लावली होती, काच लावली होती, म्हणजे पोरीने पुढे कधीतरी उघड्या डोळ्यांनी बघितलं असणार. मनापासून मानत होतो. काल ते संपलं.

शुभंकरने जाताना विचारलं, "यातून आधी कोणी बघितलं नाय ना?" मी नाही म्हणालो. तेवढंही खरं बोलवलं नाही.

रात्री तुळसाला सांगितलं. तिने ताट बाजूला सारलं आणि म्हणाली, "मला कशाला सांगतोस? जिला सांगायचं हाय तिला सांग."

आरोहीने मला लिहिलं होतं ते आता उतरवून देतो. "आजोबा, मी कोणाला सांगितलं नाही. तुम्ही पण सांगू नका, आई तुमच्यावर चिडेल. डाग थोडा लहान झाला आहे. बॅडमिंटनमध्ये मी सर्व्हिस नीट करते."

हे पत्र तिला वाचून दाखव. संदेशरावांसमोर. तिने गॉगल काढला नाही, तो मी काढला. शाळेतल्या बाईंनाही जाऊन सांगा, तेवढ्याच मोठ्या आवाजात. डॉक्टरांना दुर्बिणीचं सांगा. मला माफ करा असं मी लिहिणार नाही. ते तुझ्याकडून होणार नाही आणि मागायला मला तोंडही नाही. माझ्यावर हवा तेवढा राग धर. पोरीवरचा काढ.

आत्माराम


१९ फेब्रुवारी २०२३

अक्षया,

तुझं उत्तर आलं. पाच पानं. तू मला पत्रात जे जे म्हटलंस त्यातलं एकही मी खोडून काढत नाही. "तुम्ही माझ्या मुलीचा डोळा घालवलात आणि वर तिची जीभही घालवलीत," हेही नाही. तू माझीच पोर आहेस, मारायचं ठरवलंस की कुठे लागेल ते तुला कळतं.

पण पुढचं वाचून मी उठून अंगणात गेलो. पत्र वाचून दाखवलंस. संदेशराव गॅलरीत जाऊन उभे राहिले. आणि आरोही रडायला लागली आणि म्हणाली, हे खोटं आहे, आजोबांनी मला वाचवायला लिहिलंय, गॉगल मीच काढला. तू दोनदा विचारलंस, तिसऱ्यांदा रागावून विचारलंस, तरी तेच. शेवटी तुझ्याजवळ येऊन म्हणाली, सॉरी, पण आजोबांना बोलू नकोस. आणि तू मला लिहितेस की आता तुमच्यापैकी खरं कोण बोलतंय तेच मला कळत नाही.

मी बोलतोय. डॉक्टरही तेच म्हणतात आणि उजवा डोळाही. तरी मला ठाऊक आहे की तुझा माझ्या शब्दावर विश्वास नाही, आणि तो नसावा हे बरोबरच आहे. आधीच्या तीन पत्रांत मी तुला काय काय लिहिलं ते तुझ्या कपाटात पडलंय.

शुभंकरला मी मागचं पत्र लिहिल्याच्या दुसऱ्या दिवशी जाऊन सांगितलं. तो म्हणाला, "काका, हे मला परवाच कळलं व्हतं." कप्तान हाकेला आता मी ओ देत नाही. लोकांना वाटतं ऐकू येत नाही.

मागच्या पत्रात मी सगळं लिहिलं असं तुला वाटलं असेल. मलाही तसंच वाटावं म्हणून ते पत्र मी लगेच पोस्टात टाकून आलो. एक गोष्ट लिहिली नव्हती. ती मला आणि आरोहीला, दोघांनाच माहीत आहे, आणि ती तिने कोणालाही सांगितलेली नाही, तुला नाही, डॉक्टरांना नाही.

नळीला डोळा लावल्याबरोबर ती मागे सरकली होती. "आजोबा, झोंबतंय," म्हणाली. मला वाटलं, पोर चुळबुळ करतेय, हिला बघायचं कळत नाही. मी म्हणालो, कप्तानाची नात ना तू, हलू नको. आणि माझा डावा हात तिच्या डोक्यामागे होता. तिने पुन्हा मान मागे घेतली तेव्हा मी हात काढला नाही. दाबून धरलं. किती वेळ ते मोजलं नाही. वीस आकडे होतील एवढा तरी. मग तिने रडत माझ्या हाताला नख मारलं, तेव्हा सोडली, आणि वर तिलाच रागावलो, नख मारतेस म्हणून. ती सॉरी म्हणाली. तू लिहितेस ना, प्रत्येक गोष्टीला सॉरी म्हणते. ते इथून सुरू झालं, संदेशरावांच्या बोलण्यावरून नाही. त्यांना मी जानेवारीत जे बोललो ते परत घेतो. ते जावई आहेत म्हणून नाही, खरं आहे म्हणून.

तू लिहिलंयस की येऊ नका, दारात उभं करणार नाही. मी येतोय. गुरुवारी रत्नागिरीहून सकाळची गाडी धरणार, संध्याकाळपर्यंत पनवेलला पोचेन. तुळसा येणार नाही. म्हणाली, "तुझं तू निस्तर." दार उघडायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा, मी जिन्यातूनही बोलू शकतो. चहापाण्याला मी येत नाहीये. फक्त आरोही घरात असली पाहिजे, आणि संदेशरावही. त्या दिवशी तिला क्लासला पाठवू नको.

मी काय बोलणार ते आताच सांगून ठेवतो, म्हणजे तुम्ही मध्ये बोलणार नाही आणि मला माफ केल्यासारखंही करणार नाही. मी तिला म्हणणार आहे: आरोही, तू म्हणालीस झोंबतंय आणि मी तुझं डोकं धरून ठेवलं. एवढंच. बाकी यंत्र, काच, गॉगल यातलं काही नाही.

ती नाही म्हणेल. मला बघून जास्तच नाही म्हणेल. मग मी पुन्हा सांगेन. पुन्हा नाही म्हणाली तर पुन्हा. ती हो म्हणेपर्यंत मी तुमच्या दारातून हलणार नाही, मग तू शेजारी गोळा कर नाहीतर पोलीस बोलाव.

आत्माराम